मुडबीचा माळ आणि शिकाऱ्याचा वारसा

कल्याणहून दक्षिणेस कमलापूरकडे जाऊ लागले, की वाटेत मुडबी लागते. नकाशात हे गाव बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात दाखविलेले असते; पण शिवार ओलांडून थोडे खाली उतरावे, तो कलबुर्गी जिल्ह्याची हद्द सुरू होते. पश्चिमेस उमरग्याकडील महाराष्ट्राची सीमाही फार दूर नाही. गावच्या बाजारात उभे राहिल्यास एकाच दुकानापुढे कानडी, मराठी आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. दुकानदार भाव कानडीत सांगतो, गिऱ्हाईक घासाघीस मराठीत करते आणि हिशोब मिटतो तो पुष्कळदा दखनीत. याचे कोणालाही नवल वाटत नाही.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या कुटुंबांना या मुलखाविषयी एक वेगळी आपुलकी वाटावी असे त्याचे नशीब आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखात गेले. पूर्वेकडील काही भाग आंध्रात गेला. आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, कल्याण हे तालुके तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. बहीण निलंग्यास आणि भाऊ कल्याणास, अशी घरे त्या दिवशी दोन राज्यांत विभागली. घरातील मराठी मात्र होती तिथेच राहिली. २०१९ साली या साऱ्या प्रदेशाचे ‘हैदराबाद-कर्नाटक’ हे नाव बदलून ‘कल्याण-कर्नाटक’ असे ठेवण्यात आले. ज्या कल्याणावरून हे नाव आले, ते कल्याण मुडबीच्या अगदी उशाशी आहे.

मार्गशीर्षाच्या अखेरीस, येळवशीच्या सुमारास, हा मुलूख पाहावा. काळ्या रानात ज्वारी कणसावर आलेली असते, तूर पिवळी पडू लागते, हरभऱ्यावर आंब धरलेली असते. मधूनमधून तांबूस, खडकाळ माळ पसरलेले असतात आणि त्यांवर गुडघ्याएवढे गवत वाळून सोनेरी झालेले दिसते. अमावस्येच्या दिवशी घरोघरची माणसे बैलगाड्यांनी, आता पुष्कळशी ट्रॅक्टरांनी आणि मोटारींनी, शेतात जातात. कडब्याची कोपी करून पूजा होते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचे जेवण होते. परक्यालाही हाक मारून पानावर बसविले जाते. लातूरकडील येळवस आणि बिदर-कलबुर्गीकडील यळ्ळ अमावस्या हा एकच सण आहे. राज्यांची सीमा त्याला ठाऊक नाही.

याच दिवसांत काळविटांचे कळपही शिवारात उतरतात. बिदर जिल्ह्यात काळवीट अद्याप टिकून आहे. काळ्याभोर पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, पिळाची लांब शिंगे मिरविणारा नर आणि त्याच्याभोवती पिवळसर रंगाच्या बिनशिंगी माद्या, हे दृश्य सकाळच्या उन्हात एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. शेतकऱ्याला मात्र त्या सौंदर्याचे मोल पिकाच्या रूपाने मोजावे लागते. त्याविषयी पुढे लिहीन. प्रथम या माळावरील शिकारीची परंपरा पाहिली पाहिजे, कारण ती फार जुनी आहे आणि तिचा शेवट आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे.

कल्याण ही चालुक्यांची राजधानी. येथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. इ. स. ११२९ च्या सुमारास तो सिद्ध झाला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे त्याचे शंभर अध्याय आहेत. राज्य कसे मिळवावे येथपासून स्वयंपाक कसा करावा येथपर्यंत सारे त्यात आहे. त्यातील गीतांच्या प्रकरणात जुन्या मराठीचे नमुने सापडतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांनाही तो प्रिय आहे. या ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकीचे वीस विनोद सांगितले आहेत. त्यांत कुत्र्यांचा सारमेयविनोद आहे, ससाण्यांचा श्येनविनोद आहे, मत्स्यविनोद आहे आणि मृगयाविनोदही आहे. शिकविलेल्या चित्त्याकडून हरणांची शिकार करविण्याचा आपल्या देशातील अत्यंत जुना उल्लेख याच ग्रंथात आहे. म्हणजे हा माळ, ही हरणे आणि त्यांच्यामागे धावणारा चित्ता हे चित्र नऊशे वर्षांपूर्वी याच परिसरात लिहिले गेले. आणखी एक योगायोग असा, की हा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तो बडोद्यास, गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत. संपादक होते श्रीगोंडेकर. पहिला भाग १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली निघाला. कानडी राजाचा संस्कृत ग्रंथ, मराठी संपादक आणि गुजरातेतील मराठी संस्थान!

चित्त्यांची शिकार पुढे कोल्हापूर आणि बडोदे या संस्थानांत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. कोल्हापुरास तर देशातील चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवीत. चित्ते सांभाळणाऱ्या चित्तेवानांची विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले आणि ती विद्याही निराधार झाली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात नामिबियाचे आठ चित्ते सोडण्यात आले. जनावर परत आणता येते. पण त्याला हाताळणाऱ्या माणसांची तुटलेली परंपरा परत आणणे त्याहून अवघड असते.

दख्खनच्या या भागात शिकार हा केवळ राजांचा शौक नव्हता. कानडीत बेडर आणि मराठीत बेरड म्हणविला जाणारा समाज नावानेच शिकारी. फासेपारध्यांना तर उत्तर कर्नाटकात ‘हरणशिकारी’ असेच म्हणतात. भालकी तालुक्यातील खानापूरचा मैलार मल्लण्णा आणि जेजुरीचा खंडोबा हे एकच दैवत. त्याच्या पायाशी कुत्रा असतो आणि त्याच्या कथांत शिकारीचे प्रसंग येतात. निजामांपैकी सहावे महबूब अली खान हे वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते; राजा दीनदयाळ यांनी काढलेली त्या शिकारींची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. दरबारच्या या हौसेची छाया जहागिरदार, देशमुख, पाटील यांच्या वाड्यांपर्यंत पडली. वाड्याच्या ओसरीवर काळविटाची शिंगे आणि कोपऱ्यात बारा बोरची दुनळी, हे या बाजूच्या सुस्थित घराचे लक्षण समजले जाई.

मुडबीच्या आसपासच्या एका वाडीत आमचे एक आप्त राहतात. वय चौऱ्याऐंशी. पाटीलकीचे घर, बोलणे मोजके, दृष्टी अजून लांबची. नात्यातले आणि नात्याबाहेरचे सारेच त्यांना काका म्हणतात. तरुणपणी त्यांनी पंधराएक वर्षे या माळावर शिकार केली. त्यांच्या वडिलांनी त्यांना बंदूक हाती देण्यापूर्वी दोन वर्षे नुसते हाकाऱ्यांबरोबर चालावयास लावले होते. माग कसा ओळखावा, वाऱ्याची दिशा मातीची चिमूट सोडून कशी पाहावी, गवतात कसे बसावे हे शिकल्यावर मग पहिला बार.

काकांच्या घरी शिकारीचे काही नियम होते. मादीवर बार काढावयाचा नाही. पाणवठ्यावर दबा धरावयाचा नाही. जखमी जनावर टाकून घरी यावयाचे नाही, मग रात्र झाली तरी बेहत्तर. आणि जे पडेल त्याचा वाटा हाकाऱ्यांपासून गावाच्या टोकाला एकटी राहणाऱ्या म्हातारीपर्यंत गेला पाहिजे. “शिकार म्हणजे बंदुकीचे काम थोडे आणि पायांचे फार,” असे काका म्हणतात. “ज्याला चालायचा कंटाळा, त्याने कोंबडी कापून खावी.”

१९७२ साली दोन गोष्टी एकदम आल्या. एक, दुष्काळ. त्या वर्षीचा दख्खनचा दुष्काळ अनुभवलेली माणसे अजून त्याच्याविषयी आवाज खाली करून बोलतात. नाले आटले, माळ उघडे पडले आणि काळविटे माणसांचे भय सोडून विहिरींच्या हाळांवर येऊ लागली. दुसरी, कायदा. वन्यजीव संरक्षण कायद्यास ९ सप्टेंबर १९७२ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचे नाव आले. काकांची बंदूक कायद्याने थांबली, हे खरे. पण मनाने ती त्याच्या थोडी आधी थांबली होती. हाळावर दहा पावलांवर उभा राहून पाणी पिणारा नर त्यांनी पाहिला आणि घरचा जुना नियम आठवला. त्या साली सारा मुलूखच एक पाणवठा झाला होता. मग बार काढावयाचा कोठे? पुढे १९९१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन लहानमोठ्या शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. तोवर काकांच्या बंदुकीला तेल लावण्यापलीकडे काम उरलेले नव्हते.

आयुष्यभराच्या शिकारीतून माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याजवळ वारसांना देण्यासारखे काय असते? पहिली वस्तू बंदूक. गेल्या येळवशीला आम्ही तेथे असताना याच गोष्टीचा निकाल लागावयाचा होता. काकांचा पुण्यास नोकरी करणारा नातू बंदूक आपल्या नावावर करून घेण्यास उत्सुक होता. तसे करता येते. २०१६ च्या शस्त्रनियमांनुसार परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र त्याच्याजवळ पंचवीस वर्षे राहिले, तर त्याच्या हयातीतच कायदेशीर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. मृत्यूनंतर तर करू शकतोच. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची केली. वारसाने परवाना घेतला नाही, तर शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.

जेवणानंतर कोपीच्या सावलीत नातवाने विषय काढला.

“आबा, पणजोबांपासूनची बंदूक आहे. घरात राहिली पाहिजे. मी सगळी कागदपत्रे करतो. तुम्ही फक्त सही करा.”

“घेऊन करशील काय?”

“करायचे काय त्यात? आपल्या घराची आठवण आहे. दिवाणखान्यात नीट कपाट करून ठेवीन.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाळ, बंदूक ही आठवण नसते. ती अवजार असते. औताला काम नसले, तर ते गंजते, एवढेच. बंदुकीला काम नसले, तर ती काम शोधते. पुण्यात तिला कुठले काम मिळणार, ते मला ठाऊक नाही. आणि ते ठाऊक होईपर्यंत मी असणार नाही.”

नातू नाराज झाला, ते उघड दिसले. पण काकांनी बंदूक कोणाच्याही नावे न करता परवान्यासह जमा करावयाचे ठरविले, आणि घरात पुन्हा त्यावर चर्चा झाली नाही.

दुसरी वस्तू ओसरीवरील शिंगे. हे प्रकरण बंदुकीहून नाजूक आहे आणि आपल्या पुष्कळ वाचकांच्या घरी ते असेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, धारवाड, कोठेही जुन्या मराठी घरात एखादे वाघाचे कातडे, सांबराचे किंवा काळविटाचे शिंग आढळते. १९७२ च्या कायद्याने असे अवशेष बाळगणाऱ्यांना त्यांची नोंद करण्यास सांगितले होते. ज्यांनी ती केली नाही, त्यांना १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवसांची आणखी एक संधी देण्यात आली. नोंद झालेल्या वस्तूस मालकीचा दाखला मिळे. ही वस्तू विकता येत नाही; वारसाने मात्र ती घरात पुढे जाऊ शकते. वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तशी घोषणा करणे आवश्यक आहे. आणि ज्याला वस्तू ठेवावयाची नाही, त्याला ती रीतसर सूचना देऊन सरकारजमा करता येते. तिचा मोबदला मात्र मिळत नाही. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर हे दाखले कोठल्या ट्रंकेत आहेत ते विचारून ठेवावे, हे बरे. काकांचा दाखला देवघराच्या फडताळात, सातबाराच्या उताऱ्यांबरोबर बांधलेला होता. ती शिंगे त्यांनी घरात ठेवली आहेत. “ती माझ्या बापाच्या हातची आहेत,” एवढेच ते म्हणाले.

तिसरा वारसा चालता-बोलता आहे. काकांच्या अंगणात एक मुधोळी कुत्री असते; सडपातळ, खोल छातीची, लांब पायांची. साधारण आखूड केसांच्या या कुत्र्यांना ‘कारवान’ म्हणतात, रेशमी केसांच्यांना ‘पश्मी’. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातील घोरपड्यांचे जुने मराठी संस्थान. तेथील मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची नीट पैदास केली. हे कुत्रे वासापेक्षा दृष्टीवर अधिक विसंबते आणि उघड्या माळावर सशाचा पाठलाग करण्यासाठीच जणू घडलेले आहे. ससा मारणे आता गुन्हा ठरला; मग कुत्र्याचे काय होणार, असे कोणासही वाटेल. पण या कुत्र्याचे दैव उघडले. २००५ साली त्याच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. पुढे सैन्यदलानेही त्याला शिक्षणासाठी घेतले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्याच्या पैदाशीचे आणि संशोधनाचे केंद्र आहे आणि ते केंद्र चालविणारे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे आपल्या बिदरात! काकांची नात त्याच बिदरला पशुवैद्यकाचे शिक्षण घेत आहे. कुत्रीला लस टोचणे, पिल्लांची नोंद ठेवणे हे काम तिच्याकडे आहे. कुत्री आता रात्री तुरीच्या शेतावर राखणीला असते.

चौथी गोष्ट एक वही आहे. लांबोडकी, हिशोबाच्या चोपडीसारखी, तांबड्या कापडाच्या पुठ्ठ्याची. १९५८ पासून काकांनी तीत माळावरील प्रत्येक फेरी टिपलेली आहे. तिथी, वारा, ठिकाण, कळपात नर किती, माद्या किती, आणि शेवटी एक रकाना ‘पाडले’. १९७२ च्या पुढे हा रकाना कोरा आहे. बाकीचे रकाने मात्र तसेच भरत गेलेले आहेत. कोठल्या ओढ्याकाठी गवत होते, ते कोणत्या साली नांगरले गेले; माळढोक शेवटचा केव्हा दिसला; लांडग्याची बिळे कोठे होती; ऊस आल्यावर रानडुकरे कशी वाढली; हे सारे त्यात आहे. शाईचा रंग बदलत गेला आहे, अक्षर थरथरीत झाले आहे. पण खाडा जवळजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका नातीला घेऊन माळावर निघाले, तेव्हा मीही मागून गेलो. दंव पडलेले होते. ओढ्याच्या ओलसर मातीत टोकदार, दुभंगलेल्या खुरांचे ठसे होते. काकांनी काठी टेकवली.

“किती?”

“पाचसहा असतील, आबा.”

“नीट बघ. एकाच माणसाने दोनदा दार ओलांडले, तर घरात दोन माणसे होतात का?”

नात खाली बसली. बराच वेळ मोजून म्हणाली, “चार. त्यांत एक पिल्लू. आणि हा ठसा खोल आहे. नर असेल, नाहीतर गाभण मादी.”

“आता बरोबर. नर की मादी, ते पुढे लेंड्यांचा ढीग दिसतो का, त्यावरून सांगता येईल. नर आपली हद्द राखतो. त्याच त्या जागी पुन्हा येतो.”

थोडे पुढे गेल्यावर तो ढीग खरोखरच होता. आणि आणखी पुढे, गवताच्या टोकाशी, तो काळा नरही होता. त्याने मान वर केली, आम्हांस पाहिले आणि दोन उंच उड्या घेऊन उताराआड गेला. नातीने वहीत लिहिले. अक्षर वळणदार, शाईच्या जागी बॉलपेन. काकांनी ती ओळ वाचली आणि फक्त वाऱ्याची दिशा राहिल्याचे सांगितले.

परत येताना शेजारच्या शेतातील एक गृहस्थ बांधावर भेटले. त्यांच्या तुरीचा एक कोपरा रात्रीत खाऊन साफ झालेला होता. ते चिडलेले होते आणि त्यांचे चिडणे वाजवी होते. कलबुर्गी-बिदरचा हा भाग म्हणजे तुरीचे आगर. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने काळविटे आणि रानडुकरे अडत नाहीत. “काका, एक बार हवेत तरी काढा की,” ते म्हणाले. काकांनी नकार दिला; पण त्यांना नुसत्या उपदेशावरही सोडले नाही. कळप ओढ्याच्या कोणत्या सांदीतून चढतो ते दाखविले, राखणीचा माळा त्या अंगास हलवावयास सांगितले, आणि कुत्री दोन रात्री त्यांच्या शेतावर पाठविण्याचे कबूल केले. नुकसानभरपाईच्या अर्जाबरोबर ठशांची छायाचित्रे जोडावीत, हे नातीने सुचविले. पिकांचा नाश करणाऱ्या काही जनावरांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली परवानगी देऊ शकतात. पण काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने ती वाट त्याच्यासाठी जवळजवळ बंद आहे. ज्याच्या शेतात कळप उतरतो, त्याच्या ताटातून देशाच्या वनवैभवाचा वाटा काढला जातो, ही गोष्ट शहरात राहून काळविटावर प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी ध्यानात ठेवली पाहिजे.

आणखी एका बाजूचा विचार केल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही. काकांसारख्या घरांजवळ शिकार सुटली तरी जमीन राहिली. बंदुकीला परवाना होता, शिंगांना दाखला होता. पण ज्या हरणशिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पोट भरले, ज्यांच्याकडून वाड्यांतील शिकाऱ्यांनी माग काढावयास शिकावे, त्यांच्याजवळ काय राहिले? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारधीही त्या शिक्क्यातून सुटले नाहीत. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. त्यानंतर वीसच वर्षांनी त्यांचा धंदा नव्या कायद्याने गुन्हा ठरला. कायदा आवश्यक होता, याविषयी शंका नाही. त्यावाचून आज माळावर काळवीट दिसले नसते. परंतु कसब काढून घेताना त्याच्या जागी दुसरे काही द्यावे लागते, याचा विसर पडला. वाशीम-अकोला भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ राखण्याचे जे काम केले, ते म्हणूनच मोलाचे आहे. तणमोर हा दुर्मीळ पक्षी कोठे घरटे करतो, हे पारध्याइतके कोणास कळणार? ज्या नजरेने फास लावला, तीच नजर पक्षी राखण्याच्या कामी येते.

मराठी साहित्यानेही हा प्रवास पाहिला आहे. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे नागझिऱ्याच्या जंगलात वानरांच्या टोळ्या न्याहाळत बसले. त्यातून १९८२ साली ‘सत्तांतर’ आले आणि पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात उमेदवारीपासून आयुष्य घालविले आणि आदिवासी, पारधी यांच्या तोंडून ऐकलेले ज्ञान मराठीत लिहून ठेवले. ते जून २०२५ मध्ये सोलापुरातच वारले. कर्नाटकातील संडूरच्या घोरपडे राजघराण्यातील एम. वाय. घोरपडे राज्याचे अर्थमंत्री होते. पण वन्यजीवांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती त्याहून दूर पसरली.

मुडबीच्या आसपास आता संरक्षित रानेही आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे. त्याच्या पोटात लमाणांचे तांडे आहेत आणि चंद्रमपळ्ळीचे धरण आहे. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. पण मुडबीचा माळ कोणत्याच अभयारण्यात नाही. तो गावाचा, गुरांचा, शेताच्या बांधांचा माळ आहे. अशा माळांची राखण कोणी पहारेकरी करीत नाही. त्यांच्याविषयी कोणाला तरी ठाऊक आहे आणि ते कोणीतरी पुढच्यास सांगत आहे, यावरच ते टिकतात.

या मुलखास भेट द्यावयाची झाल्यास हुमनाबाद किंवा कलबुर्गी येथे उतरावे. हुमनाबादेस माणिकप्रभूंचे माणिकनगर आहे. या सत्पुरुषाने मराठी, कानडी, उर्दू अशा भाषांत पदे रचली. या प्रदेशाचा स्वभाव एकाच माणसात पाहावयाचा, तर तेथे पाहावा. मग कल्याणचा किल्ला आणि बसवेश्वरांची स्थाने करून दक्षिणेस यावे. परतताना कमलापूरची तांबडी केळी घ्यावीत. माळावर जावयाचे ते पहाटे, पायी, आणि गावातील एखाद्या जाणत्या माणसास बरोबर घेऊन. पिकात पाऊल घालू नये, कळपामागे मोटार घालू नये.

आणि आपल्या घरी कोणी वृद्ध शिकारी असतील, तर त्यांना बंदुकीविषयी विचारण्याआधी वाटांविषयी विचारावे. कोठे चाललात, काय पाहिलेत, वारा कसा ओळखलात, जनावर केव्हा सोडून दिलेत. वाघाची गोष्ट ते आपण होऊन सांगतीलच. ती सर्वांना पाठ असते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीची गोष्ट मात्र विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. ती ऐकताना कागद-पेन्सिल जवळ असू द्यावे.